हनोईची ‘बी-५२ सहल’: एक तळे, एक पूल आणि वगळला जाणारा थांबा

हनोईत आमचा चार दिवसांचा मुक्काम होता आणि त्यातली एक सकाळ आम्ही व्हिएतनाम युद्धाशी निगडित जागा दाखवणाऱ्या एका स्थानिक कंपनीच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीसाठी राखून ठेवली होती. माणशी साडेसात लाख डोंग, म्हणजे आपले साधारण अडीच हजार रुपये पडले. त्यात बारा आसनांची गाडी, इंग्रजी बोलणारी गाइड आणि शेवटी एक पेला अंड्याची कॉफी एवढे मिळते. या सहलीची निवड करण्यामागे थोडे घरगुती कारणही होते. व्हिएतनामने शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून अमेरिकेला हरवले आणि त्यांचा एक मंत्री रायगडाची माती कपाळी लावून गेला, असा मजकूर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दर शिवजयंतीला फिरत असतो. त्यात ना तारीख असते, ना मंत्र्याचे धड नाव. गाइडला मी हे विचारले, तेव्हा तिने नम्रपणे सांगितले की हे तिने व्हिएतनाममध्ये कधी ऐकलेले नाही, मात्र महिन्यातून एक तरी भारतीय पाहुणा तिला हाच प्रश्न विचारतो.

पहिला थांबा हूऊ तिएप तळ्याचा. तळे म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते त्याच्या मानाने हे अगदीच लहान आहे. न्गोक हा भागातल्या, दुचाकी जेमतेम वळेल अशा गल्ल्यांमधून चालत गेल्यावर घरांच्या मधोमध ते अचानक समोर येते. हिरवट पाण्यातून डिसेंबर १९७२ मध्ये पाडलेल्या बी-५२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे अवशेष वर आलेले दिसतात: चाके, वाकलेले पत्रे आणि गंजलेला सांगाडा. काठावरच्या एका घराच्या गॅलरीत धुतलेले शाळेचे गणवेश वाळत होते, आणि एक आजीबाई त्या ढिगाऱ्याकडे पाठ करून निवांतपणे पालेभाजी निवडत बसल्या होत्या. गाइडने इथे बोलण्याची घाई केली नाही, ही तिची पहिली जमेची बाजू.

पुढे बी-५२ विजय संग्रहालयात तिने त्या बारा दिवसांचा हिशेब मांडला आणि हा भाग या सहलीचा प्राण आहे. १८ ते २९ डिसेंबर १९७२ या काळात, नाताळचा एक दिवस सोडून, पॅसिफिकमधले ग्वाम बेट आणि थायलंड इथल्या तळांवरून उठलेल्या बी-५२ विमानांनी उत्तर व्हिएतनामच्या हनोई आणि हायफाँग या शहरांवर सातशेहून अधिक फेऱ्या केल्या. समोर होती ती सोव्हिएत बनावटीची एस-७५ ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे, जी तेव्हाही नवी राहिली नव्हती. विमानांतून सोडल्या जाणाऱ्या रेडिओ-लहरींमुळे रडारच्या पडद्यावर विमानाच्या ठिपक्याऐवजी नुसता पांढरा धुरळा दिसत असे. तेव्हा हा धुरळा ज्या दिशेने येतो ती दिशाच नेम मानून क्षेपणास्त्र सोडायचे, अशी पद्धत व्हिएतनामी चमूंनी अनेक वर्षांच्या अनुभवातून बसवली होती आणि तिची हस्तपुस्तिकाही तयार केली होती. गाइडने हे समजावताना वहीच्या पानावर पेन्सिलीने तळ, क्षेपणास्त्र आणि विमान असे तीन ठिपके एका रेषेत काढले, आणि माझ्या बारावीतल्या मुलाला ते माझ्याआधी कळले.

महासत्तेची चूकही तिने तितक्याच नेमकेपणाने सांगितली. पहिल्या तीन रात्री विमाने जवळपास त्याच मार्गाने, त्याच उंचीवरून येत आणि बॉम्ब टाकून त्याच ठिकाणी वळत. त्यामुळे २० डिसेंबरच्या एकाच रात्री सहा बी-५२ गेली. मग अमेरिकेने पद्धत बदलली, आणि २६ तारखेला शंभराहून अधिक विमाने वेगवेगळ्या दिशांनी जवळपास एकाच वेळी शहरावर आली. एकूण किती बी-५२ पडली याबाबत दोन हिशेब आहेत: व्हिएतनामच्या मते ३४, अमेरिकेच्या मते १५. गाइडने फक्त पहिला आकडा सांगितला. दुसरा मी विचारल्यावर तिने किंचित हसून मान्य केला. मला यात तिचा दोष वाटत नाही, पण गिऱ्हाईक पैसे मोजते तेव्हा दोन्ही आकडे न विचारता मिळायला हवेत.

याहून मोठी उणीव दुसरीच. एवढी क्षेपणास्त्रे आली कुठून, हे संपूर्ण सहलीत आपणहून कोणी सांगत नाही. सोव्हिएत संघाने शस्त्रे आणि प्रशिक्षक पुरवले, आणि चीनने १९६० च्या दशकात तीन लाखांहून अधिक सैनिक आळीपाळीने पाठवले, जे मुख्यतः रस्ते आणि लोहमार्ग दुरुस्त करत आणि विमानविरोधी तोफा चालवत. चीनला लागलेली उत्तरेची सीमा रसदीसाठी उघडी होती, आणि दक्षिणेकडून जमिनीवरून उत्तर व्हिएतनामवर चाल केल्यास चीन युद्धात उतरेल ही भीती अमेरिकेला सतत होती. एखादी प्रादेशिक सत्ता महासत्तेपुढे टिकेल का, हा प्रश्न हल्ली टीव्हीवरच्या प्रत्येक युद्धचर्चेत निघतो आणि व्हिएतनामचे नाव घेऊन ठोकून उत्तर दिले जाते. परंतु १९९१ च्या आखाती युद्धात इराककडेही सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा साठा आणि त्या प्रदेशातले सर्वांत मोठे सैन्य होते, तरी साधारण सहा आठवड्यांत सगळे आटोपले. इराकच्या पाठीशी कोणी उभे नव्हते, रसद तोडलेली होती आणि लढाई उघड्या वाळवंटात होती. शौर्य मोजायचे असेल तर मोजावे, पण कोणत्या सीमेवरून रसद येते हे आधी पाहावे, असे माझे मत त्या संग्रहालयात पक्के झाले.

तिसरा थांबा लाँग बिएन पुलाचा, आणि माझ्या मते सहलीतला सर्वोत्तम. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल नदीवर बांधलेला हा लोखंडी पूल अमेरिकी विमानांनी वारंवार तोडला आणि व्हिएतनामींनी वारंवार जोडला. १९७२ च्या मे महिन्यात लेझरने नेम धरणाऱ्या बॉम्बनी त्याचे गाळे पाडले, तेव्हा वाहतूक होड्यांवर आणि तरंगत्या पुलांवर गेली. आज पुलावरून चालत गेले की मूळ बांधणीची उंच कमानदार त्रिकोणी चौकट मध्येच संपते, काही अंतर सपाट लोखंडी तुळया लागतात आणि पुन्हा चौकट सुरू होते. ती सपाट जागा म्हणजे ठिगळ. मधल्या रुळावरून आगगाडी गेली की पायांखालची काँक्रीटची फरशी थरथरते. दुचाक्या, साऱ्या व्हिएतनामच्या उलट, इथे आपल्यासारख्या डावीकडून जातात. पुलावर पाऊण तास दिला होता, तो मला तरी कमीच वाटला.

आता तक्रार. सहलीच्या पत्रकात चौथा थांबा खाम थिएन रस्त्याचा लिहिलेला होता, पण पुलावरून निघाल्यावर गाडी थेट एका रेशमी कपड्यांच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. उशीर झाल्याचे कारण ड्रायव्हरने दिले, आणि दुकानात मात्र अर्धा तास ठरलेला होता. मी पत्रक दाखवून आग्रह धरला तेव्हा गाइडने फोनवर बराच वेळ बोलून गाडी वळवली. एरवी आम्ही तो रस्ता न पाहताच परतलो असतो.

२६ डिसेंबर १९७२ च्या रात्री या गजबजलेल्या रस्त्यावर बॉम्ब पडले आणि व्हिएतनामी नोंदीनुसार २८७ माणसे मेली. जिथे घरे होती तिथे आता लहानसे स्मारक आहे, त्यात हातांवर मृत मूल घेतलेल्या स्त्रीचा पुतळा आहे आणि आजूबाजूला मोबाइलची आणि कपड्यांची दुकाने आहेत. गाइडचे वडील तेव्हा लहान होते आणि शहरातल्या हजारो मुलांप्रमाणे त्यांना खेड्यात पाठवले होते, एवढेच तिने सांगितले. बॉम्बहल्ल्यात लपण्यासाठी फुटपाथवर एकेका माणसापुरते खणलेले काँक्रीटचे खड्डे कसे असत, हे तिने दोन्ही हातांचा घेर करून दाखवले. संपूर्ण युद्धात सुमारे वीस लाख नागरिक आणि अकरा लाख सैनिक गमावल्याचे व्हिएतनामने १९९५ मध्ये जाहीर केले. अमेरिकेचे सैनिक ५८ हजारांहून थोडे अधिक. डिसेंबरचे बॉम्बहल्ले थांबल्यावर महिन्याभरात, २७ जानेवारी १९७३ रोजी, पॅरिसमध्ये युद्ध थांबवण्याचा करार झाला, आणि त्यातल्या अटी हल्ल्यांपूर्वीच्या ऑक्टोबरमधल्या मसुद्यापेक्षा फारशा वेगळ्या नव्हत्या. ‘टिकणे’ या शब्दाचा खर्च ज्या थांब्यावर कळतो, तोच थांबा ही कंपनी वेळेअभावी गाळते.

गाइडला पाचपैकी पाच, कंपनीला तीन. नोंदणी करताना खाम थिएनचा थांबा नक्की आहे का ते लेखी विचारून घ्यावे आणि दुकानाचा थांबा नको असल्याचे त्याच संदेशात कळवावे. सकाळी आठची गाडी घ्यावी, कारण दहानंतर तळ्याच्या गल्लीत उभे राहायला जागा उरत नाही. पुलावर चालायला घट्ट बूट हवेत. फरशांमधल्या फटींतून खाली नदी दिसते. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी कठडा धरून चालावे. अंड्याची कॉफी उत्तम होती.