एमिली सिमों ऐकायचीय, तर सुरवात वेजेतालने करायची की द बिग मशीनने?

फ्रेंच येत नाही आणि एमिली सिमों ही फ्रेंच गायिका ऐकायची आहे, मग इंग्लिशमधला अल्बम आधी लावावा असं कुणालाही वाटेल. म्हणजे २००९ चा द बिग मशीन. मला विचाराल तर तो आधी लावू नका, २००६ चा वेजेताल लावा, भले त्यातली अर्धीअधिक गाणी फ्रेंच असोत.

ही बाई नुसती गायिका नाहीये. जन्म १९७८ चा, दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिएची, वडील साउंड इंजिनियर, म्हणजे स्टुडिओतलं वातावरण लहानपणापासून ओळखीचं. पुढे पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात संगीताचा अभ्यास आणि मग तिथल्याच इर्काम या संस्थेत काम, जिथे संगीतकार आणि संशोधक एकत्र बसून आवाजावरच प्रयोग करतात. शब्द तिचे, चाल तिची, कॉम्प्युटरवर आवाज रचायचं प्रोग्रामिंगही बरंचसं तिचंच. त्यामुळे तिच्याकडे भाषेच्या दाराने शिरायची गरजच नाही, आवाजाचं दार सताड उघडं आहे.

वेजेतालमधे तेच सगळ्यात जास्त जाणवतं. विषय झाडं, फुलं, माती, आणि त्यासाठी तिने पाणी, आग, झाडापानांचे खरे आवाज रेकॉर्ड करून ते कापून, ताणून, वाकवून ठेक्यात बसवलेत, म्हणजे जे आपल्याला ड्रम वाटतं ते ड्रम असेलच असं नाही. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं. आवाज बारीक, कानाशी येऊन बोलल्यासारखा, आणि मग फ्लर द सेझोंमधे मधेच गिटार अशी अंगावर येते की दचकायला होतं. स्विमिंगसारखी काही गाणी इंग्लिशमधेच आहेत, तेव्हा अगदीच परकं वाटणार नाही.

द बिग मशीन त्याच बाईचा, पण मुक्काम न्यूयॉर्कला. इथे ती गळा मोकळा सोडून गाते, सूर वर चढवते, सिंथेसायझर ऐंशीच्या दशकाची आठवण करून देणारे, ट्रंपेटसारखी ब्रासची वाद्यं आहेत, खणखणीत ड्रम्स आहेत. ड्रीमलँड किंवा रेनबो ऐकलंत की ब्रिटिश गायिका केट बुश आठवणारच, तुलना तेव्हाही झाली. अल्बम वाईट नाही हं, मला त्यातला जोश फार आवडतो, आणि तुम्हाला बँडचा दणदणाट हवा असेल, प्रवासात मोठ्याने लावायला काही हवं असेल तर हाच घ्या. पण पहिल्यांदा हाच ऐकला तर ही केट बुशच्या वळणाची आणखी एक गायिका असं वाटून माणूस थांबतो, आणि जे फक्त हिलाच जमतं ते राहूनच जातं, मला खरी काळजी त्याची वाटते.

बरं, या दोघांच्याही आधी २००५ चा पेंग्विनच्या सिनेमाचा साउंडट्रॅक आहे आणि तिथे एक मोठा घोळ आहे. मार्च ऑफ द पेंग्विन्स तुम्ही पाहिला असेल, बर्फातून चालणारे पेंग्विन, मॉर्गन फ्रीमनचा आवाज, २००६ मधे ऑस्कर. तर त्या अमेरिकन आवृत्तीत एमिलीचं संगीतच नाहीये! तिथे अॅलेक्स वर्मनचं आहे. मूळ फ्रेंच सिनेमात पेंग्विन माणसांच्या आवाजात बोलतात आणि मागे एमिलीची इलेक्ट्रॉनिक गाणी, द फ्रोझन वर्ल्ड, ऑल इज व्हाइट वगैरे. सगळं गार, काचेसारखं किणकिणणारं. आणि गंमत म्हणजे गाणी इंग्लिशमधे, तेव्हा भाषेचीच अडचण असेल तर द बिग मशीनपेक्षा हा कधीही बरा.

२००३ चा पहिला अल्बम मी मुद्दाम तिसऱ्या नंबरवर ठेवते. त्यातलं देझेर हे गाणं अप्रतिम आहे, स्टूजेस या अमेरिकन रॉक बँडचं आय वॉना बी युअर डॉग तिने इतकं हळुवार करून टाकलंय की ओळखायला वेळ लागतो, पण तिची कारागिरी वेजेतालमधे जास्त पिकलेली आहे. पुरस्कारांवरून ठरवू म्हणाल तर काही उपयोग नाही, या पहिल्या तिन्ही अल्बमना विक्तोआर द ला म्युझिक मिळालंय, जो फ्रान्समधला संगीताचा मोठा मान.

स्टेजवर बघायची असेल तर वेजेतालच्याच काळातले व्हिडिओ शोधा. हातावर बटणं आणि नॉब असलेलं एक यंत्र चढवलेलं असतं, इर्काममधल्या माणसाने खास तिच्यासाठी बनवलेलं, आणि गाता गाता ती स्वतःचाच आवाज त्यावरून बदलत असते. २००७ चा, पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरमधला लाइव्ह अल्बमही आहे, तो वेजेताल दोनचार वेळा ऐकून झाल्यावर घ्या, म्हणजे कुठे काय बदललंय ते कळतं.

फ्रँकी नाइट मात्र लगेच नको. २००९ मधे तिचा जोडीदार अचानक गेला आणि २०११ चा हा अल्बम त्याच्यासाठी आहे, आधीच्या एमिलीची ओळख झाली असेल तरच त्यातला आवाज किती बदललाय ते कळेल. २०१४ चा म्यू ज्यांना थोडंफार फ्रेंच कळतं त्यांनी आधी घेतला तरी चालेल, तिथे शब्दांना जास्त जागा आहे.