सीलबंद खोक्यातली १९६९ ची चार्जर

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून छोटी मोटार बनवायच्या जुन्या किटचं ते खोकं हातात आलं तेव्हा मी ते तीनदा फिरवून पाहिलं. वरची पारदर्शक फिल्म तबल्याच्या पुडीसारखी ताणलेली, झाकणावर १९६९ ची डॉज चार्जर आर/टी, कडेला १:२५, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक पंचविसांश, हे प्रमाण छापलेलं. मग ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, उन्हापासून लांब ठेवलं आणि चौदा महिने त्याला हात लावला नाही. विकणाऱ्याला नेमकं हेच हवं होतं, हे मला पंधराव्या महिन्यात कळलं.

असल्या खोक्यांना एवढा भाव का, ते आधी सांगतो. साठच्या दशकात अमेरिकन मोटारींची जी ‘अ‍ॅन्युअल’ किट निघत, त्यांचा साचा दरवर्षी मोटारीच्या नव्या मॉडेलप्रमाणे बदलला जाई. १९६८ चाच साचा कोरून, भरून १९६९ चा करायचा. जुना साचा उरतच नाही, त्यामुळे ते किट पुन्हा जसंच्या तसं काढणं जवळपास अशक्य. म्हणून न उघडलेलं जुनं किट म्हणजे सोनं, आणि सील फोडलं की त्याच क्षणी त्याचा भाव उतरतो. थोडक्यात, आत काय आहे हे कुणीच बघायचं नाही, अशी सोय आम्ही हौशी लोकांनीच करून ठेवली आहे. ठकाला आणखी काय लागतं?

विकणारा ऑनलाइन भेटला. किंमत त्याने आधी काढलीच नाही, उलट मलाच विचारलं, “दादा, तुम्ही बनवणार की पुढे विकणार? दलालांना मी देत नाही.” मग मी, एखादी मुलाखत द्यावी तसा, मी बनवलेल्या छोट्या मोटारींचे फोटो पाठवत बसलो. एक शेव्हेल, एक मस्टँग, एक अर्धवट राहिलेली रोडरनर. शेव्हेलच्या बॉनेटवरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून तो म्हणाला, “पट्टीच्या कडेला रंगाची धार बोटाला लागत नसणार.” नव्हतीच लागत. क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक लॅकरचे थर देऊन, २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून ती धार मी घालवली होती आणि आजवर कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिथेच मी विरघळलो. फसवणारा माणूस अडाणी असतो, ही आपली समजूत चुकीची आहे. त्याला या कामातलं माझ्याइतकंच कळत होतं, कदाचित जास्तच.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, आणखी एक गिऱ्हाईक मागे लागलंय, पण किट तुमच्याकडे जावं अशी इच्छा आहे. पैसे मात्र खरेदीचे म्हणून न पाठवता घरच्या माणसाला पाठवतात तसे पाठवा, कमिशन वाचेल. कमिशन वाचलं खरं. पण वस्तू न पटल्यास पैसे परत मागण्याचा मार्गही त्याच बटणासरशी बंद झाला.

चौदा महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी मला वाटलं, किती दिवस नुसतं बघायचं? कटरचं पातं फिल्मखाली सरकवलं.

आत सगळे भाग सुटे, झिप लावलेल्या छोट्या पिशव्यांत. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात त्या स्प्रूचा पत्ताच नाही, आणि प्रत्येक भागाच्या टोकाला निपरने तोडल्याची पांढरी खूण. तरीही मी स्वतःला समजावत होतो की त्या काळी देत असतील असं. मग बॉडी उचलली आणि मागची बाजू वर केली. दिव्यांच्या जागी दोन्हीकडे गोल दिव्यांच्या जोड्या.

चार्जर ओळखायला हे दिवे पुरतात. १९६८ च्या गाडीला मागे गोल दिवे, १९६९ च्या गाडीला लांबट आडवे. पुढची जाळी १९६८ ला सलग, १९६९ ला मधोमध दुभागलेली. फेंडरवरचे छोटे साइड मार्कर दिवेसुद्धा १९६८ ला गोल आणि १९६९ ला चौकोनी. माझ्या हातातल्या बॉडीवर सगळं गोल, आणि क्रोमच्या पिशवीतली जाळी सलग. म्हणजे जुन्या १९६९ च्या खोक्यात, नव्याने काढलेल्या आणि सहज मिळणाऱ्या किटमधली १९६८ ची बॉडी भरलेली. बॉडीच्या आतल्या बाजूला कोरलेल्या सालावरही विसंबू नका. ते साल साच्याचं किंवा कॉपीराइटचं असतं, तो तुकडा कधी ओतला ते त्यावरून कळत नाही.

चॅसी बॉडीत बसवून पाहिली तर मागची चाकं कमानीच्या मध्यावर येईनात. व्हर्नियर काढला. खऱ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११७ इंच, म्हणजे २,९७२ मिलिमीटर. त्याला २५ ने भागलं की साधारण ११९ यायला हवेत. माझ्या चॅसीवर आले १२४. तेच २४ ने भागून बघा, साधारण १२४. किट बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एएमटी आणि एमपीसीची बहुतेक मोटारींची किट १:२५ मध्ये, मोनोग्रामची बहुतेक १:२४ मध्ये, त्यामुळे दोन्ही प्रकारचे सुटे भाग बाजारात भरपूर फिरतात. त्यातलंच हाताला लागेल ते या भल्या माणसाने भरलं होतं. पाच मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण वीतभर गाडीत चाक पाच मिलिमीटर सरकलं की ती लंगडी दिसते.

गंमत म्हणजे आतली एक वस्तू खरोखर जुनी निघाली. विंडशील्डच्या कोपऱ्यात अर्धगोल वितळल्याचा डाग होता. जुने व्हिनाइल टायर वर्षानुवर्षं प्लॅस्टिकला टेकून राहिले की टायरमधलं मऊ ठेवणारं द्रव्य प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि असा वण पडतो. टायर मात्र वेगळ्या पिशवीत, कोरे करकरीत. म्हणजे काच एका किटची, टायर दुसऱ्याचे.

डिकल्सचं, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या छापील पट्ट्या-चिन्हांचं, तर विचारूच नका. भिंगाखाली धरल्यावर रंगीत ठिपके दिसले, घरच्या इंकजेटची छपाई. एक कोपरा कापून पाण्यात टाकला तर शाई पाण्यात उतरली. शेपटीला वेढणारी बम्बलबी पट्टी पांढरी हवी होती, तिथे नुसती पारदर्शक फिल्म, कारण साधा इंकजेट पांढरा रंग छापतच नाही.

मग विकणाऱ्याने पाठवलेले फोटो एका मित्राला दाखवले. त्याला मिनिटही लागलं नाही. “अरे, खोक्याचे कोपरे घासून पांढरे पडलेत, जुन्या स्टिकरचा चिकटा दिसतोय. आणि वरच्या फिल्मवर एक ओरखडा नाही. खोकं फिल्मच्या आत राहून घासलं का?” फिल्म आणि गरम हवेचं यंत्र कुणालाही मिळतं. हाच फोटो मी त्या वेळी वीसेक वेळा मोठा करून पाहिला होता, पण दरवेळी झाकणावरची गाडी पाहिली, कोपरे पाहिलेच नाहीत.

विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर तासाभरात आलं, भाषा तीच गोड. “दादा, सील तुम्ही फोडलंत. आतले भाग तुम्हीच बदलले नाहीत कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. उघडताना व्हिडिओ काढला नव्हता, चौदा महिने उलटून गेले होते, आणि पैसे तर प्रेमाने पाठवलेले. त्यानंतर त्याचं खातंच दिसेनासं झालं.

आता कुणी सीलबंद किट दाखवलं की मी सरळ सांगतो, माझ्यासमोर व्हिडिओवर उघडा, भाव उतरला तरी ठरलेली किंमत देतो. सच्चा माणूस कुरकुरतो, पण उघडतो. मला चार गोष्टी बघायच्या असतात : चॅसीशेजारी मोजपट्टी ठेवून चाकांमधलं अंतर, मागच्या दिव्यांची जागा, स्प्रूवरच असलेले भाग आणि डिकलचा कागद उजेडात धरलेला. सीलबंदच ठेवायचा हट्ट असेल तर पार्सल आल्या दिवशीच, पाकिटाच्या पत्त्यापासून सुरू करून, मध्ये कुठेही न थांबवता व्हिडिओ काढा आणि उघडा. हो, उघडाच. दुखतं, माहीत आहे.

बॉडी स्वतः वाईट नव्हती, म्हणून ती १९६८ चीच करायची ठरवली. चॅसी मधोमध बारीक करवतीने कापली, पाच मिलिमीटरची पट्टी काढली, खालून स्टायरीनचा, म्हणजे किटच्याच प्लॅस्टिकचा तुकडा लावून पुन्हा जोडली. रुंदीतही ती तीनेक मिलिमीटर जास्त होती, दोन्ही कडा घासाव्या लागल्या. इंजिन म्हणून ४२६ हेमीचं रेझिनचं किट मागवलं आणि तिथे दुसरी चपराक बसली, छोटी. ते कुणाच्या तरी मूळ कामाची चोरून केलेली नक्कल निघालं. हेमीचे स्पार्क प्लग व्हॉल्व्ह कव्हरमधूनच आत जातात, एका बाजूला चार. मूळ कामात तिथे स्वच्छ भोकं असतात, माझ्याकडे आले बुजलेले खळगे आणि सुईच्या टोकाएवढे हवेचे फुगे. नकलेवरून नक्कल केली की वस्तू थोडी आकसतेही, त्यामुळे इंजिन माउंटवर बसेना. ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने आठही भोकं पुन्हा पाडली. रेझिनची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावून, पाण्याखाली घासलं. स्टायरीन जोडायचा गोंद, म्हणजे सिमेंट, रेझिनला चिकटत नाही, सुपरग्लू लागतो, हेही याच निमित्ताने हाताला चिकटून शिकलो.

गाडी झाली. गडद हिरवी, शेपटीला पांढरी पट्टी, ती मास्किंग टेप लावून रंगवलेली. तिचे फोटो टाकले, त्यात मागे ते खोकं दिसत होतं. दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाचा निरोप आला. गाडीबद्दल अवाक्षर नाही. “दादा, मागचं रिकामं खोकं विकणार का? चांगले पैसे देतो.”

मी मार्कर घेतला, झाकणावरच्या चार्जरवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली आणि चॅसीचे कापलेले तुकडे त्यात भरून ठेवले.