दिवाळखोरी मंडळाची तिमाही पत्रिका: पुण्याच्या सप्लायरला आणि फ्लॅटधारकाला किती कामाची?

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातली एखादी कंपनी दिवाळखोरीसाठी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली, की तिच्या सप्लायरपुढे तीन प्रश्न उभे राहतात. येण्यातलं किती परत मिळेल? कधी मिळेल? आपल्यासारख्या छोट्या धनकोंना, म्हणजे पैसे येणे असलेल्यांना, याआधी काय मिळालं? याची उत्तरं शोधायची अधिकृत जागा म्हणजे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाची, म्हणजे आयबीबीआयची, तिमाही पत्रिका. मंडळाच्या वेबसाइटवर ती फुकट मिळते. माहिती गोळा करून प्रसिद्ध करणं हे नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम १९६ नेच मंडळाला दिलेलं काम आहे. म्हणून पत्रिकेकडे प्रसिद्धीपत्रक म्हणून न बघता एक सेवा म्हणून बघायला हवं, आणि सेवा वापरणाऱ्याने ती कुठे पुरते, कुठे अडते हे सांगायलाही हवं.

आधी चांगलं ते. डिसेंबर २०१६ पासूनचा एकत्रित हिशोब एकाच तक्त्यात दिसतो: किती प्रकरणं दाखल करून घेतली, किती अपिलात किंवा तडजोडीत संपली, किती कलम १२ए खाली मागे घेतली, किती कंपन्यांचा प्लॅन (कंपनी सावरून देणी फेडण्याची योजना) मंजूर झाला, किती लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून बंद होण्याकडे) गेल्या, किती अजून चालू आहेत. ज्यांचे प्लॅन मंजूर झाले त्या कंपन्यांची नावानिशी यादी असते. तळटीपाही प्रामाणिक आहेत. आकडे एनसीएलटीच्या वेबसाइटवरून आणि आरपींनी, म्हणजे ही प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकांनी, भरलेल्या माहितीवरून जुळवलेत हे तिथेच लिहिलेलं असतं. मागचे आकडे नंतर बदलतात, त्यामुळे दोन तिमाहींची वजाबाकी करून ‘या तिमाहीतली’ प्रकरणं काढू नयेत. ती ज्या त्या अंकात बघावीत.

अडचण सुरू होते ती प्रकरण निकाली निघायला लागलेल्या दिवसांच्या सरासरीपासून. संहितेत १८० दिवस, त्यावर ९० दिवसांची मुदतवाढ आणि कोर्टकचेरीसह ३३० दिवस अशी मर्यादा आहे. पत्रिकेतलं घड्याळ मात्र प्रकरण दाखल करून घेतल्याच्या दिवशी सुरू होतं. सप्लायरचं घड्याळ त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. कलम ८ ची पैसे मागणारी नोटीस, त्यानंतरचे १० दिवस, प्रक्रिया सुरू करण्यासाठी कलम ९ चा अर्ज आणि मग मुंबईच्या तारखा, कारण पुण्यात एनसीएलटीचं खंडपीठ नाही. अर्जावर १४ दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात लागलेला काळ या सरासरीत मोजलाच जात नाही. शिवाय सरासरी निघते ती निकाली निघालेल्या प्रकरणांची. रखडलेली त्यात नसतात. म्हणून तिच्या शेजारी चालू प्रकरणांचा तक्ता ठेवावा आणि ‘२७० दिवसांहून जास्त’ ही ओळ वाचावी. सरासरीचे आकडेही दोन असतात, एक सगळे दिवस धरून आणि दुसरा न्यायाधिकरणाने वगळलेले दिवस काढून. बँकेला कॅश फ्लो द्यायचा असेल तर पहिला धरा.

वसुलीची टक्केवारी सगळ्यात जास्त उद्धृत होते आणि सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. मार्च २०२४ अखेर मंजूर प्लॅनमधून धनकोंना मान्य दाव्यांच्या सुमारे ३२ टक्के आणि लिक्विडेशन व्हॅल्यूच्या (मालमत्ता विकून आली असती त्या रकमेच्या) १६० टक्क्यांहून जास्त मिळणार, असं चित्र होतं. पण हा आकडा म्हणजे एकूण मिळकत भागिले एकूण दावे. समजा, १,००० कोटींच्या दाव्यांची एक कंपनी ४० टक्के देते आणि १० कोटींच्या नऊ कंपन्या प्रत्येकी ५ टक्के देतात. पत्रिकेच्या पद्धतीने उत्तर येतं ३७ टक्के. दहा कंपन्यांची साधी सरासरी येते साडेआठ टक्के, आणि मधली कंपनी देते ५ टक्के. एस्सार स्टील, भूषण स्टील यांसारखी प्रचंड खाती ज्या बेरजेत आहेत, ती भोसरीच्या फॅब्रिकेटरला त्याच्या ग्राहकाबद्दल फारसं काही सांगत नाही. त्यातून त्याचा वर्गच वेगळा. ऑपरेशनल क्रेडिटरला (माल किंवा सेवा पुरवून पैसे येणे असलेल्याला) कलम ३०(२) नुसार किमान तेवढंच मिळावं लागतं जेवढं लिक्विडेशनमध्ये मिळालं असतं, आणि रांगेत बँका पुढे असल्याने ते अनेकदा शून्य असतं. मधल्या कंपनीतली वसुली आणि धनकोच्या वर्गानुसार वसुली, हे दोन आकडे ठळक मथळ्यात आले तर या पत्रिकेचं मोल दुप्पट होईल असं आमचं ठाम मत आहे.

२०२० च्या आसपासचे आकडे तुलनेला घेताना विशेष जपा. २४ मार्च २०२० ला अर्जासाठी लागणारी थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटीवर गेली. त्यानंतर २५ मार्च २०२० पासून वर्षभरात झालेल्या थकबाकीवर कलम १०ए मुळे अर्जच करता येत नाही. सप्लायरनी केलेली प्रकरणं तिथून घटलेली दिसतात ती यामुळे. ‘लोक वेळेवर पैसे देऊ लागले’ असा अर्थ त्यातून काढू नये. ४० लाखांचं बिल अडकलेला व्हेंडर आता स्वतः अर्ज करू शकत नाही. दुसऱ्या कुणाच्या अर्जावर प्रक्रिया सुरू झाली, तर फॉर्म बी भरून दावा लावणं एवढंच त्याच्या हाती उरतं. आलेखावर या दोन तारखांना उभी रेघ मारली तरी निम्मे गैरसमज टळतील.

क्षेत्रवार तक्ता पुणेकर फ्लॅटधारकांनी जपून वाचावा. वर्गवारी कंपनीच्या सीआयएनवरून (नोंदणी क्रमांकावरून), एनआयसी २००४ या उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणाप्रमाणे होते. सीआयएनमधले पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक म्हणजे उद्योगाचा कोड. एका बिल्डरचा कोड ४५ ने सुरू होतो, तो ‘बांधकाम’मध्ये जातो. दुसऱ्याचा ७० ने, तो ‘रिअल इस्टेट’मध्ये. धंदा तोच, ओळी दोन. त्यातली ‘रिअल इस्टेट’ची मोठी ओळ भाड्याचे आणि इतर व्यावसायिक उद्योगही पोटात घेते, कॉम्प्युटरच्या कंपन्यासुद्धा. म्हणजे हिंजवडीची आयटी कंपनी आणि वाघोलीचा बिल्डर एकाच मोठ्या गटात. पोटओळ बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. काही जुन्या कंपन्यांच्या सीआयएनमध्ये ९९९९९ असतं, त्यावरून उद्योग कळत नाहीच. शिवाय अर्ज कुणी केला या तक्त्यात फ्लॅटधारक आणि बँका दोघंही ‘फायनान्शियल क्रेडिटर’ (कर्ज देणारे धनको) या एकाच रकान्यात येतात. एका प्रकल्पाच्या किमान १०० किंवा १० टक्के ग्राहकांनी मिळून अर्ज करण्याची अट पार करून किती प्रकल्पांचे ग्राहक एनसीएलटीपर्यंत पोचले, हे त्यातून समजत नाही.

फक्त पुण्याचं चित्र हवं असेल तर एक सोपी वाट आहे. सीआयएनमध्ये उद्योगाच्या कोडनंतर राज्याची दोन अक्षरं येतात. पुणे आरओसीकडच्या (कंपनी निबंधकाकडच्या) कंपन्यांत तिथे ‘एमएच’ऐवजी ‘पीएन’ दिसतं. कंपन्यांची यादी एक्सेलमध्ये घेऊन, सीआयएन जोडून, सातवं-आठवं अक्षर वेगळं काढलं की काम होतं. मात्र ‘पीएन’ म्हणजे नुसता पुणे जिल्हा नव्हे. कोल्हापूर, सोलापूरच्या कंपन्याही त्यात येतात. आणि तक्ते पीडीएफमध्ये असल्याने कॉपी करताना रकाने सरकतात. बेरीज छापील बेरजेशी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सर्वांत मोठी पोकळी तक्त्यांच्या बाहेरची आहे. प्रोप्रायटरी वर्कशॉप किंवा भागीदारी फर्म बुडाली तर ती इथे मोजलीच जात नाही. संहितेचा वैयक्तिक दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींसाठी. बाकीच्यांना जुना १९२० चा कायदा आणि जिल्हा न्यायालय. पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योगांतला केवढा तरी भाग यामुळे अदृश्य राहतो.

आता अभिप्रायाबद्दल. मंडळाच्या वेबसाइटवर सूचना देण्याचा फॉर्म आहे, पण तो नियमांभोवती बांधलेला आहे: आपण कोण ते निवडा, मग सर्वसाधारण सूचना की एखाद्या नियमावर, ते निवडा. आकडेवारीबद्दल लिहायचं तर ‘सर्वसाधारण’मध्ये जा. अंकाची तिमाही, तक्त्याचं नाव आणि क्रमांक दोन्ही लिहा, कारण क्रमांक पुढच्या अंकात बदलू शकतो. मग तीन वाक्यं पुरतात: कोणता निर्णय घ्यायचा होता, त्यासाठी कोणता आकडा हवा होता, तो नसल्याने काय करावं लागलं. स्वतःच्या केसची कैफियत इथे मांडू नका. आरपीविरुद्धच्या तक्रारीची वाट वेगळी आहे आणि दोन्ही मिसळलं की सूचना बाजूला पडते.

मंडळानेही थोडं पुढे यावं. उघड्या फॉर्मवर लिहितात ते बहुधा वकील, आरपी आणि बँका, आणि मग तक्तेही त्यांच्याच प्रश्नांना उत्तरं देत राहतात. इंग्लंड-वेल्सची इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिस दरमहा, आधी जाहीर केलेल्या तारखेला आकडे देते. ऋतुमानाचा परिणाम काढून देते आणि दर १०,००० कंपन्यांमागे किती बुडाल्या हेही सांगते. आपल्याकडे मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना, सीए संस्थेची पुणे शाखा आणि गृहनिर्माण संस्थांचे महासंघ यांच्यामार्फत मराठीत पाच प्रश्नांची पाहणी करणं अवघड नाही. फक्त मार्चअखेर आणि दर महिन्याची जीएसटीची २० तारीख टाळावी. ‘पत्रिका उपयुक्त वाटते का?’ असं विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतील. त्याऐवजी काम द्यावं: ‘१ ते १० कोटींच्या दाव्यांची किती प्रकरणं मागे घेतली गेली, ते शोधा.’ वाचणारा कोणत्या पानावर अडकतो ते टिपावं. आणि कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाही व का नाही, हे पुढच्या अंकात अर्ध्या पानात छापावं.