एअरबॅगचा दिवा विझत नाही: स्कॅनर की डमी रेझिस्टर?

साधा ओबीडी रीडर (गाडीच्या निदान-सॉकेटला लावून कोड वाचणारं उपकरण) इथे बहुधा कामाचा नाही. तो इंजिनचे कोड वाचतो. एसआरएस मॉड्यूलशी, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटशी, बोलणारा स्कॅनर हवा. तो ‘ड्रायव्हर एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त’ असा बी-कोड (बी म्हणजे बॉडी, इंजिनाबाहेरच्या यंत्रणांचा कोड) देतो. काही गाड्यांत लाइव्ह डेटामध्ये ओहमचा आकडाही दिसतो: स्टिअरिंग सावकाश फिरवताना तो उडाला, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर (स्टिअरिंग फिरतानाही एअरबॅगपर्यंत जोडणी ठेवणारी गुंडाळलेली वायर). काहीही न उघडता एवढं कळतं, म्हणून सुरुवात स्कॅनरनेच. पण कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही. कोड पाहून थेट एअरबॅग मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

खरा निकाल डमी रेझिस्टर, म्हणजे एअरबॅगच्या जागी तात्पुरता जोडायचा रेझिस्टर, लावतो. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ (अनेकदा काही मिनिटं) थांबा. कारण मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मग एअरबॅगचा कनेक्टर सोडवून तिथे साधारण 2 ओहमचा रेझिस्टर जोडा, बॅटरी लावा, जुना कोड पुसून पुन्हा वाचा. कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये. राहिला तर वायरिंग, क्लॉक स्प्रिंग किंवा मॉड्यूलमध्ये. एअरबॅग पुन्हा जोडण्याआधी बॅटरी परत काढायचीच.

मल्टीमीटर मात्र एअरबॅगला कधीच लावू नका. मीटरचा करंटही ती फोडू शकतो. वायरिंग मोजायची तर दोन्ही टोकं सोडवून. तरीही सावध: पिवळा कनेक्टर सोडवला की त्यातली शॉर्टिंग पट्टी आपोआप दोन पिना जोडते आणि मीटरवर फसवं शॉर्ट दाखवते.

दिवा कधी लागतो, कधी जातो? आधी सीटखालचा कनेक्टर तपासा. सीट मागेपुढे करताना तोच ढिला होतो.