लायब्ररी ऑफ काँग्रेसचा फुकट फोटोसंग्रह: जुन्या मोटारींचा नाद असलेल्यांसाठी रिव्ह्यू

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ऑनलाइन फोटो कलेक्शन मी बराच काळ वापरतोय आणि १९२० च्या आधीच्या मोटारींचं वेड असेल तर यापेक्षा चांगली फुकटची जागा मला तरी माहीत नाही. अकाउंट नको, पैसे नकोत, फोटोच्या मधोमध वॉटरमार्क नाही. आणि मुख्य म्हणजे झूम. एरवी नेटवर असा फोटो सापडला तर तो बोटभर जेपीजी असतो, मोठा करायला जावं तर नंबर प्लेटच्या जागी चार करडे ठोकळे दिसतात. इथे काचेच्या मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केलेली टिफ फाइल (डिटेल न घालवणारी मोठी फोटो फाइल) मिळते, काही तर शंभर एमबीच्या वर, आणि ती उघडली की मागच्या दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात.

आपल्या कामाचे मुख्य संग्रह दोन. एक बेन न्यूज सर्व्हिसचा, न्यूयॉर्कची बातम्यांचे फोटो विकणारी एजन्सी, चाळीस हजारांच्या आसपास काचेच्या निगेटिव्ह. दुसरा डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीचा, हे लोक पोस्टकार्डं आणि देखावे विकायचे, त्यांच्या निगेटिव्ह मोठ्या आकाराच्या त्यामुळे डिटेल अफाट. बेनवाल्यांनी गाडीचा फोटो काढला तो गाडी बातमी होती म्हणून, शर्यत, अपघात, कोणीतरी बडी असामी. डेट्रॉइटवाल्यांना रस्ता किंवा हॉटेल हवं होतं, गाडी चुकून आली. मला विचाराल तर चुकून आलेली गाडीच जास्त बोलते. तिला कोणी पुसून, ड्रायव्हरला टोपी घालून उभं केलेलं नसतं, चिखल तसाच, मडगार्ड वाकलेलं, शेजारी घोडागाडी, खाली ट्रामचे रूळ आणि रूळांमध्ये घोड्याची लीद.

बेनमध्ये शर्यतींचा माल भरपूर आहे. १२ फेब्रुवारी १९०८ ला टाइम्स स्क्वेअरवरून न्यूयॉर्क ते पॅरिस शर्यत सुटली, सहा गाड्या, त्यातली थॉमस फ्लायर जिंकली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या वेळचे फोटो बघताना गाड्या सोडा आणि गर्दी बघा, लोक चाकांना चिकटून उभे आहेत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या व्हँडरबिल्ट कप या मोटार शर्यतीचंही तेच. सुरुवातीच्या शर्यती साध्या सार्वजनिक रस्त्यांवर व्हायच्या आणि बघे अक्षरशः गाडीच्या वाटेत. १९०६ ला एक प्रेक्षक मेला, १९०७ ला शर्यतच झाली नाही, मग खास मोटारींसाठी पार्कवे बांधला आणि १९०८ ची शर्यत काही भाग त्यावरून धावली. ती जिंकणारी लोकोमोबाइल, बोनेटवर १६ नंबर असलेली, आज हेन्री फोर्ड म्युझियममध्ये जवळजवळ आहे तशी ठेवलीय, त्यामुळे जुना फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून एकेक पार्ट जुळवता येतो. असा योग फार कमी गाड्यांच्या बाबतीत येतो.

आता तारखांबद्दल, कारण या साइटची खरी गोम तिथेच आहे. बेनच्या फोटोंखाली साफ लिहिलेलं असतं की शीर्षक एजन्सीच्या न पडताळलेल्या माहितीवरून घेतलंय, आणि तारीख बऱ्याचदा १९१० ते १९१५ च्या दरम्यान वगैरे अशी मोघम. काही जण यावरून नाकं मुरडतात, मला उलट हा प्रामाणिकपणा आवडतो, ठोकून दिलेल्या तारखेपेक्षा परवडलं. शोधायचं काम आपलं. फोर्ड मॉडेल टी घ्या, १९०८ ला आली, १९२७ पर्यंत दीड कोटींवर बनल्या, म्हणजे रस्त्याच्या फोटोत ती असायचीच. पितळी रेडिएटर दिसला तर १९१६ पर्यंतचं मॉडेल, काळा असेल तर १९१७ किंवा पुढचं, समोरचे दिवे गॅसचे असतील तर साधारण १९१५ च्या आधीचं. पण यावरून एवढंच ठरतं की फोटो अमुक सालाच्या आधीचा असू शकत नाही. लोक गाडी वर्षानुवर्षं वापरायचे, वर नवे दिवे जुन्या गाडीला बसवायचे, त्यामुळे फक्त गाडीवरून साल ठोकणारे एक्स्पर्ट दिसले की मी पुढे सरकतो.

नेमकं साल आजूबाजूचं सांगतं. नंबर प्लेट सगळ्यात भारी, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ती दरवर्षी बदलायची. न्यूयॉर्कने १९०१ ला नोंदणी सक्तीची केली तेव्हा तर मालक स्वतःच्या नावाची आद्याक्षरं स्वतःच बनवून लावायचे, सरकारी प्लेट १९१० पासून. मॅसॅच्युसेट्सने मात्र १९०३ पासूनच सरकारी प्लेट दिली. मग बिल्डिंगा. न्यूयॉर्कची वूलवर्थ बिल्डिंग पूर्ण उभी दिसली तर साधारण १९१३ च्या मागे जाता येत नाही, तिथल्याच सिंगर बिल्डिंगचा नुसता सांगाडा असेल तर १९०७ च्या आसपास. नाटकांची पोस्टर्स, सगळ्या पुरुषांच्या डोक्यावर गवती हॅट म्हणजे उन्हाळा, सावली कुठे पडलीय त्यावरून सकाळ की दुपार. यात तासन्‌तास जातात आणि घरचे विचारतात एकाच फोटोत एवढं काय बघतोस.

एक सावधगिरी, रंगाचा अंदाज अजिबात बांधू नका. त्या काळच्या फोटोच्या काचेच्या प्लेट्सना लाल रंग जवळजवळ दिसतच नव्हता आणि निळा जास्त दिसायचा, म्हणून लालभडक गाडी काळी येते, निळी फिकट येते आणि आकाश कोरं पांढरं. आजकाल एआयने रंगवलेले व्हर्जन फिरतात त्यात काळी दिसणारी प्रत्येक गाडी काळीच रंगवलेली असते, संताप येतो नुसता. पांढरे टायर मात्र खरंच फिके असायचे, रबरात काजळी मिसळायला लागल्यावर टायर काळे झाले. आणि शर्यतीच्या फोटोत चाक तिरकं अंडाकृती दिसलं तर गाडी मोडलेली नाही, ती फोकल प्लेन शटरची करामत, शटरची फट प्लेटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाईतो गाडी पुढे गेलेली असते.

तोटे आहेतच. सर्च जरा जुन्या वळणाचा, ऑटो टाकलं तर एक रिझल्ट, ऑटोमोबाइल टाकलं तर दुसरे, आणि नुसतं तेवढंच टाकलं तर ढीग अंगावर येतो. शर्यतीचं किंवा ड्रायव्हरचं नाव टाका, लवकर सापडतं. ज्या फोटोंवर हक्कांची अडचण असू शकते ते लायब्ररीच्या बाहेर फक्त थंबनेल म्हणून दिसतात, पण एवढ्या जुन्या बेन आणि डेट्रॉइटच्या बाबतीत ही अडचण सहसा येत नाही. बेनचे फोटो २००८ पासून फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवरही टाकतायत, तिथे लोक जुन्या वर्तमानपत्रांतून पुरावे काढून गाडी आणि तारीख ओळखतात आणि लायब्ररीवाले त्यावरून स्वतःची नोंद सुधारतात, त्यामुळे कॅटलॉगमध्ये अडकलात तर तोच फोटो फ्लिकरवर उघडून खालची चर्चा वाचा.

युरोपच्या गाड्या हव्या असतील तर ही जागा अपुरी पडेल, त्यासाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका साइट, त्यातला एजन्स रोल या फ्रेंच फोटो एजन्सीचा संग्रह. माहिती फ्रेंचमध्ये असली तरी शर्यतीत गाडीवरचे नंबर कामी येतात, १९०६ च्या ल मांच्या ग्रां प्रीत प्रत्येक टीमला एक आकडा आणि तिच्या गाड्यांना ए, बी, सी अशी अक्षरं होती, तीन ए दिसलं की ती जिंकलेली, सिस या ड्रायव्हरची रेनो.

अमेरिकेपुरतं पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो सर्चसाठी. टिफ डाउनलोड करायच्या आधी मोठा जेपीजी उघडून फोकस नीट आहे का ते बघा, आणि हे मोबाइलवर करू नका.