दलदलीतली सारासेनिया की वेलीवरची नेपेंथिस?

“घटपर्णी (घटासारख्या पानांत किडे पकडणारं झाड) घ्यायची आहे, कोणती घेऊ?” असं कोणी विचारलं की मी उलट एकच विचारतो: हिवाळ्यात तिला गारठा देता येईल का? देता येत असेल तर सारासेनिया, नसेल तर नेपेंथिस. ऊन, कुंडी, जागा हे सगळं त्यानंतर.

घट दोघींनाही असतात म्हणून त्या बहिणी वाटतात, पण नातं फार लांबचं. सारासेनिया चहाच्या गणातली, नेपेंथिस निवडुंगाच्या. मातीत नायट्रोजन जेमतेम, म्हणून किडे पकडायची युक्ती दोघींनी आपापली शोधली.

इथे सारासेनिया म्हणजे मी मुख्यतः तिची पर्पुरिया ही जात धरतो. कॅनडापासून अमेरिकेच्या आग्नेय भागापर्यंतच्या दलदलींत ती वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिचं नाव १७५३ साली नोंदवलं आणि कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांताने १९५४ साली तिला आपलं राज्यफूल केलं. तिचं अख्खं पानच घट होतं: बुटकं, पोट सुटलेलं, जमिनीवर रेललेलं. झाकण उभं असल्यामुळे पाऊस थेट आत पडतो. त्या पाण्यात जिवाणू आणि अळ्यांचा संसारच असतो. एका जातीचा डास तर केवळ याच घटांत वाढतो. बुडालेला किडा कुजवायचं बरंचसं काम हे भाडेकरू करतात आणि झाड त्यांच्याकडून वसुली करतं. म्हणून पर्पुरियाचे घट कोरडे दिसले तर त्यांत आपणच पाणी घालावं.

नेपेंथिसचा घट पानाच्या टोकाला लोंबतो. पानाची मधली शीर लांबून तणावा होते आणि तिचं टोक फुगतं. झाकण पावसाला बरंचसं अडवतं, आतला पाचक रस झाडाचा स्वतःचा. तो ओतून टाकू नका. प्रवासात सांडलाच तर तळाशी थोडं शुद्ध पाणी घाला. काठोकाठ भरलं तर रस पातळ होतो.

पाण्याच्या बाबतीत दोघी सारख्याच नखरेल. पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी उत्तम. आरओचं चालतं, पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून. पन्नास पीपीएमच्या खाली असलेलं बरं. देण्याची पद्धत मात्र उलट आहे. सारासेनियाची कुंडी बशीभर पाण्यात उभी ठेवा, तिला पाय ओलेच आवडतात. नेपेंथिसला तसं ठेवलंत तर मुळं कुजतील. सारासेनियाला पीट मॉस (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा चुरा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), नेपेंथिसला स्फॅग्नम शेवाळ, झाडाच्या सालीचे तुकडे आणि परलाइट असं मोकळं मिश्रण. बागेची माती आणि खत दोघींच्याही कुंडीत नको.

सारासेनियाला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं. सावलीत ती हिरवी, लुळी पडते. हवेतल्या दमटपणाची तिला फारशी पर्वा नाही. नेपेंथिसला गाळलेला उजेड पुरतो, पण कोरड्या हवेत ती पानं काढत राहते आणि घट धरत नाही. “माझ्या झाडाला घटच येत नाहीत” या तक्रारीमागे बहुतेक वेळा हवा किंवा उजेड असतो.

आता थंडी. सारासेनियाला वर्षातून तीन-चार महिने साधारण दहा अंशांखाली झोप लागते. मी पहिली पर्पुरिया मायेपोटी हिवाळाभर उबदार खोलीत ठेवली. दोन वर्षं ती फिकट होत जगली, तिसऱ्या वसंतात उठलीच नाही. दक्षिणेकडची व्हेनोसा ही उपजात उष्णता जास्त सोसते, पण विश्रांती तिलाही हवीच. उलट थंड ओल्या प्रदेशात हीच पर्पुरिया इतकी काटक की आयर्लंडच्या दलदलीत १९०६ साली लावलेली रोपं पुढे डोईजड झाली, काही ठिकाणी ती उपटावी लागली. कुंडीतली हौस ओढ्याकाठी नेऊन लावू नका.

किडे मारायला म्हणून घेत असाल तर पर्पुरिया निराशा करेल. घटाशी आलेल्या मुंग्यांपैकी फारच थोड्या आत पडतात. माश्यांसाठी तिचीच उंच बहीण फ्लावा बरी, तीही थंडी मागतेच. आणि जागेचा विचार करा: पर्पुरिया वीतभर उंचीत पसरून राहते, नेपेंथिस वेल आहे, छाटली नाही तर कित्येक मीटर चढते.

गारठा देता येत नाही पण खिडकीत उजेड भरपूर आहे, अशांना मी व्हेंट्राटा हा संकर सुचवतो. नेपेंथिसमधली ही सर्वांत सोशिक. मेघालयातली खासियाना सुंदर आहे, पण ती साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टातली जात. रोपवाटिकेत वाढवल्याची कागदपत्रं दाखवत नसतील तर ती घेऊ नका.