बॉस्टनची दोन चर्च : सेंट पॉल कॅथेड्रल आणि ट्रिनिटी

बॉस्टनमध्ये नवखा माणूस कॉप्ली चौकातल्या ट्रिनिटी चर्चलाच कॅथेड्रल समजला, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु कॅथेड्रल म्हणजे बिशपचे आसन असलेले चर्च, आणि एपिस्कोपल (अमेरिकेतील अँग्लिकन) बिशपचे आसन १९१२ पासून आहे ते ट्रेमाँट रस्त्यावरच्या सेंट पॉलमध्ये.

वास्तुविशारद अलेक्झांडर पॅरिस आणि सॉलोमन विलर्ड यांनी १८२० साली पूर्ण केलेले सेंट पॉल ग्रीक मंदिराच्या धर्तीचे आहे: करड्या ग्रॅनाइटच्या भिंती, पुढे वालुकाश्माचे सहा आयोनिक (माथ्याला वळी असलेले ग्रीक शैलीचे) स्तंभ, आणि मनोरा नाहीच. स्तंभांवरच्या त्रिकोणी दर्शनी भागात संत पॉलचे शिल्प कोरण्याचा बेत होता, पण पैशांअभावी तिथले दगड जवळजवळ दोन शतके न कोरलेलेच राहिले आणि अखेर २०१३ मध्ये त्या जागी आली ती नॉटिलस शंखाची आकृती, जी पाहून जुन्या मंडळींना काय वाटले असते कोण जाणे.

ट्रिनिटीची आधीची इमारत १८७२ च्या आगीत गेल्यावर वास्तुविशारद एच. एच. रिचर्डसन यांनी १८७७ मध्ये नवी उभी केली. भरावाच्या जमिनीत ठोकलेल्या सुमारे ४,५०० लाकडी ओंडक्यांवर तिचा अवजड मनोरा तोललेला असून, लाकूड कुजू नये यासाठी ते भूजलात बुडालेलेच राहावे लागतात. आत चित्रकार जॉन ला फार्ज यांची भित्तिचित्रे आहेत.

वास्तुकला म्हणून ट्रिनिटी निःसंशय उजवी आहे. तरीही बॉस्टन कॉमन या सार्वजनिक उद्यानासमोर, शेजारच्या दुकानांच्या रांगेत जवळजवळ हरवलेले सेंट पॉल मला शहराच्या अधिक जवळचे वाटते.